चारोळीताईंची शेवटची बातमी

त्यांचं खरं नाव बातमीच्या वर छापून यायचं, पण दैनिकाच्या कचेरीत त्यांना सगळे चारोळीताईच म्हणत. कविता त्यांनी जन्मात केली नव्हती. हे नाव पडलं ते त्यांच्या यंत्रामुळे.

यंत्र म्हणजे काय, तर एक कळफलक आणि त्याच्या डोक्यावर बोटभर उंचीची पट्टी. त्या पट्टीत एका वेळी चारच ओळी दिसत. पाचवी आली की पहिली वर सरकून दिसेनाशी होई. इंटरनेट नाही, चित्र नाही, रंग नाही. पेन्सिल सेल घातले की महिनोन्महिने चाले. लॅपटॉप परवडत नव्हते त्या काळात कचेरीने बातमीदारांसाठी अशी काही यंत्रं घेतली होती. बाकीच्यांनी ती वर्षभरात कपाटात टाकली. पुढे मोबाइल आले, तशी नवी पोरं बातमी मोबाइलवरच ठोकू लागली. ताईंनी मात्र आपलं यंत्र सोडलं नाही. खांद्याला झोळी, झोळीत पाण्याची बाटली, टॉवेलात गुंडाळलेलं यंत्र आणि एक सफरचंद, असा त्यांचा संसार गावभर फिरायचा.

कोर्टाच्या जिन्यात, इस्पितळाच्या बाकावर, नगरपालिकेच्या सभेत शेवटच्या रांगेत, नाहीतर उभ्या गाडीच्या बॉनेटवर, जिथे असतील तिथे त्या लिहीत. मान खाली घालायची, टकटक सुरू करायची आणि थांबायचं ते बातमी संपल्यावरच. मागे वळून वाचायचं नाही, हा त्यांचा नेम होता. नव्या मुलांना त्या सांगत, वरचं वाचत बसलं की माणूस शब्द सजवायला लागतो आणि बातमी राहते बाजूला. संध्याकाळी कचेरीत येऊन यंत्राची वायर कॉम्प्युटरला जोडायच्या आणि एक बटण दाबायच्या. मग दिवसभर लिहिलेलं मोठ्या पडद्यावर आपोआप टाइप होत जाई, एकेक अक्षर, मुंग्यांच्या रांगेसारखं. ते बघत उभं राहणं हीच त्यांची विश्रांती होती.

वृत्तसंपादकांना सगळे कात्री म्हणत. भल्याभल्यांची बातमी अर्ध्यावर आणण्यात त्यांचा हातखंडा होता. पण चारोळीताईंच्या मजकुराला ते फारसा हात लावत नसत. नाव चुकलंय, आकडा चुकलाय, गाव चुकलंय, असं म्हणायची वेळ ताईंनी कधी आणली नव्हती. ताईंनी लिहिलंय म्हणजे झालंच असणार, असं पोलीसठाण्यातले हवालदारसुद्धा म्हणत.

सुरुवात झाली ती नगरपालिकेच्या एका कंटाळवाण्या सभेच्या बातमीपासून. तिच्यात गटारांवरचा परिच्छेद दोनदा आला. कात्री हसले. गटारं तुंबलीत हे एकदा सांगितलं तरी कळतं, असं म्हणाले. ताईही हसल्या आणि वायरीला बोल लावला. दुसऱ्या महिन्यात कोर्टाच्या बातमीत तेच झालं. या वेळी दोन्ही परिच्छेदांत शब्द वेगळे होते आणि मजकूर तोच. तोच मजकूर नव्या शब्दांत लिहिणं काही वायरीला जमत नाही, हे कात्रींच्या ध्यानात आलं. पण ते बोलले नाहीत. त्यांनी एक परिच्छेद उडवला आणि बातमी पुढे पाठवली. त्यानंतर अधूनमधून उडवतच राहिले. ताईंना सांगून कशाला त्यांचं मन मोडायचं, असं त्यांना वाटलं. वय होत चाललंय, थकल्या असतील, निवृत्तीला आता कितीसा अवकाश राहिलाय.

ताईंनी यंत्र दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्याने ते उघडलं, पुसलं, सगळ्या कळा दाबून पाहिल्या आणि परत दिलं. यंत्राला काही झालेलं नव्हतं.

घरी ताई आणि त्यांचे यजमान असे दोघंच. यजमान वीजमंडळात लाइनमन होते, आता निवृत्त. कमी बोलणारा माणूस. खांबावर चढून आयुष्य काढलेल्याला खाली उतरल्यावरही फार बोलायची सवय राहत नाही, असं ताई थट्टेने म्हणत. स्वयंपाक तेच करायचे. ताईंनी एकच गोष्ट पुन्हा विचारली की ते पुन्हा तितक्याच शांतपणे सांगायचे. चष्मा कुठे, किल्ली कुठे, आज वार कोणता. पुढेपुढे तर त्या विचारायच्या आत सांगू लागले. सकाळी ताई निघाल्या की उंबरठ्याशी उभे राहून म्हणायचे, “आज गुरुवार, तुझं कोर्ट आहे, छत्री झोळीत घातलीय.” ताईंना ते प्रेम वाटे. होतंच ते प्रेम. पण त्याखाली आणखी काहीतरी होतं, ते त्यांनी ताईंना कळू दिलं नाही.

एका दुपारी ताईंनी इस्पितळातल्या कारकुनाला एकाच रुग्णाची चौकशी करायला तीनदा फोन केला. कारकून उलट खूश झाला. एवढी खातरजमा करणारा बातमीदार आता उरला नाही, असं त्याने चारचौघांत सांगितलं. म्हणजे तीसुद्धा त्यांच्या लौकिकात भरच पडली.

मग बाजारातली पाण्याची टाकी पडली.

बाजाराच्या टोकाला दुकानांची एक बसकी रांग होती आणि तिच्या गच्चीवर जुनी सिमेंटची टाकी होती. दुपारी माणसं जेवून सुस्तावली असताना टाकीचा पायाच खचला आणि अख्खी टाकी पाण्यासकट खालच्या दोन दुकानांवर आली. एक बेकरी होती, दुसरं कपडे शिवायचं दुकान. बेकरीत पाव पुड्यात भरणारी बाई सापडली, शिवणाच्या दुकानात मशीनवर बसलेली बाई. दोघी साधारण एकाच वयाच्या. दोघींना एकाच गाडीतून इस्पितळात नेलं.

चारोळीताई तिथे सगळ्यांच्या आधी पोचल्या. वॉर्डच्या सिस्टर त्यांच्या ओळखीच्या होत्या. त्यांनी दार किलकिलं करून सांगितलं, शिवणाच्या दुकानातली गेली, बेकरीतली वाचली, पाय मोडलाय पण धोका नाही. दोघींची नावं सांगितली. ताईंनी बाकावर बसून मांडीवर यंत्र घेतलं आणि लिहायला लागल्या. दोनचार वाक्यं झाली असतील, तेवढ्यात नगरपालिकेच्या इंजिनिअरचा फोन आला. टाकी धोकादायक असल्याचं आपण वरच्यांना कळवलं होतं, असं तो घाईघाईने सांगू लागला. ताईंनी ते कानाने ऐकत बोटांनी उतरवलं. मग गर्दी वाढली, कोणीतरी त्यांना बाकावरून उठवलं, त्या कोपऱ्यात खिडकीच्या कट्ट्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पुढे लिहू लागल्या.

संध्याकाळी कचेरीत वायर जोडली, बटण दाबलं. कात्रींपुढे काम तुंबलेलं होतं. त्यांना मजकुरात मेलेल्या आणि वाचलेल्या बाईंविषयीचा परिच्छेद दोनदा दिसला, एकदा वर आणि एकदा इंजिनिअरच्या म्हणण्याच्या खाली. सवयीने त्यांनी एक उडवला. वरचा उडवला. दोन्हींत नावं उलटसुलट आहेत हे त्यांनी पाहिलं होतं. नंतर ते स्वतःच म्हणाले, की वाटलं खालचा नंतर लिहिलाय, म्हणजे ताईंनी चूक सुधारली असेल. ताई पलीकडच्याच टेबलाशी सफरचंद खात होत्या. एक हाक मारली असती तर पुरे होतं. पण विचारलं तर आधीचं सगळं निघालं असतं, आणि ते त्यांना नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पुढची बातमी घ्यायला इस्पितळात गेल्या. आपला पेपर त्यांनी अजून उघडलाही नव्हता. वॉर्डच्या दाराशी साठीची एक बाई उभी होती. हातात कापडी पिशवी, पिशवीतून धुतलेला गाऊन आणि नव्या चपलांचं खोकं डोकावत होतं. बगलेत पेपर. ती परगावाहून पहिल्या बसने आली होती. टाकी पडली आणि बहिणीला इस्पितळात नेलंय, एवढंच तिला आदल्या दिवशी शेजाऱ्यांच्या फोनवरून कळलं होतं. पुढचं सांगायला कोणी फोन केलाच नाही. बहिणीचा नवरा शुद्धीत असून नसल्यासारखा झाला होता आणि जो तो समजत होता की दुसऱ्याने कळवलं असेल. बसस्टँडवर तिने पेपर घेतला, बातमी वाचली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

वॉर्डात ती प्रत्येक खाट बघून आली होती. बहीण नव्हती. आतल्या नव्या नर्सने यादी पाहून काहीतरी पुटपुटलं आणि मोठ्या सिस्टरांना बोलवायला गेली. कोणीतरी त्या बाईला सांगितलं, त्या बघा, पेपरवाल्या बाई. ती ताईंसमोर आली आणि पेपर उघडून बातमीवर बोट ठेवलं.

“हे तुम्ही लिहिलंय ना? मग सांगा, माझी बहीण कोणत्या खाटेवर आहे?”

ताईंनी छापलेली ओळ वाचली. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. मग नाव पुन्हा वाचलं आणि मनात कुठेतरी पाल चुकचुकली. त्यांनी झोळीतून यंत्र काढलं, बाकावर बसल्या आणि कधी न वापरलेली बाणाची कळ दाबत वर वर गेल्या. खालच्या परिच्छेदात शिवणाच्या दुकानातली बाई वाचली होती. इंजिनिअरचं म्हणणं ओलांडून आणखी वर गेल्या, तर तीच बाई मेली होती. दोन्ही त्यांनीच लिहिलेलं. खालचं लिहिताना वरचं लिहून झालंय, याची त्यांना पुसटशीही आठवण नव्हती. खिडकीच्या कट्ट्याशी उभं राहिल्याचंही आठवेना. आदली दुपार हातातून निसटलेल्या ताटासारखी कुठेतरी जाऊन पडली होती.

मोठ्या सिस्टर दारात आल्या. त्यांचा चेहरा पाहूनच ताई उठल्या आणि हातानेच त्यांना थांबवलं. हे सांगायचं काम सिस्टरांचं नव्हतं.

“बाई, बसा. पेपरात चूक झालीय आणि ती चूक माझी आहे. तुमची बहीण काल दुपारीच गेली.”

ती बाई बसली नाही. रडलीही नाही. पेपराची घडी घालत राहिली, अर्धी, मग चतकोर, मग आणखी लहान.

“मी बसमध्ये शेजारणीशी हसत आले,” ती म्हणाली. “पाय मोडलाय तर महिनाभर माझ्याकडे नेते म्हटलं. तेवढंच तिला मशीनपासून सुटका. सगळ्या रस्ताभर हसत आले मी.”

सिस्टर तिला आत घेऊन गेल्या. चपलांचं खोकं बाकावर राहिलं होतं, ते ताईंनी उचललं आणि कोणाला द्यावं हे न कळून हातात धरून उभ्या राहिल्या. शेवटी एका आयाबाईने ते त्यांच्या हातून घेतलं.

कचेरीत तोवर फोन खणखणत होते. मालकांचा फोन येऊन गेला होता. कात्रींनी खुलासा तयार ठेवला होता. इस्पितळाकडून मिळालेल्या चुकीच्या माहितीमुळे नावांची अदलाबदल झाली, दिलगीर आहोत. ताईंनी तो वाचला आणि टेबलावर ठेवला. हे छापलं तर त्या सिस्टरची नोकरी जाईल, तिने मला बरोबरच सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या. कात्री म्हणाले, मग छपाईतली चूक म्हणू. ताईंनी त्यालाही नकार दिला. त्यांनी यंत्र कात्रींसमोर ठेवलं आणि दोन्ही परिच्छेद दाखवायला लागल्या. तेव्हा कात्रींनी मान खाली घातली.

“मी पाहिले होते ताई. असं पहिल्यांदा होत नाहीये. वर्षभर मी उडवतोय.”

ताईंना आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. कोणकोणत्या बातम्या, असं विचारू लागल्या. कात्री सांगत गेले. आठवतील तेवढ्या सांगितल्या, बऱ्याच होत्या. ताई त्यांच्यावर ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की तुम्ही जगभराच्या मजकुरावर कात्री चालवता आणि माझ्यावर मात्र पांघरूण घातलंत. खुलासा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. चूक बातमीदाराची आहे आणि बातमीदाराने काम थांबवलं आहे, असं त्यात होतं. मालकांनी दुसरं वाक्य काढायला लावलं. पहिलं राहिलं.

घरी आल्यावर त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. यजमान ऐकत राहिले. मध्येच एकदाही ‘असं कसं झालं’ म्हणाले नाहीत. त्यांच्या त्या न विचारण्यातूनच ताईंना उमगलं.

“तुम्हालाही माहीत होतं?”

“मागच्या उन्हाळ्यापासून,” यजमान म्हणाले. “सांगितलं असतं तर तू लिहिणं सोडलं असतंस.”

“सोडायलाच हवं होतं ना मग. तुम्ही तारेला हात लावायच्या आधी वीज बंद आहे का ते कोणीतरी सांगायचं की नाही? का मन मोडेल म्हणून गप्प बसायचं?”

पुढचे काही दिवस त्या घरात ताट, पाणी, दिवा एवढेच शब्द बोलले गेले. ताईंना सगळ्यात लागलं ते हे, की त्यांना कोणीही फसवलं नव्हतं. ज्यांनी ज्यांनी जीव लावला, त्यांनी आपापल्या परीने त्यांना सांभाळलं होतं, आणि त्या सांभाळण्याची किंमत चुकवली एका तिऱ्हाईत बाईने.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. स्मरणशक्तीचा आजार आहे, सुरुवात आहे, हळूहळू वाढेल, किती हळू ते सांगता येत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. ताईंनी त्यांना दोनदा धन्यवाद दिले. मग यजमानांकडे वळून विचारलं, मी आत्ताच दिले होते का? यजमान या वेळी खरं बोलले. हो म्हणाले.

त्यानंतर ताई दोन घरी जाऊन आल्या. बेकरीतल्या बाईच्या पायाला प्लास्टर होतं आणि तिच्याभोवती शेजारपाजार गोळा झालेला होता. पेपरात मेलेली बाई बघायला लांबलांबून लोक येत होते. तिने ताईंना माफी मागू दिली नाही. मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात, तेव्हा उपकारच झाले तुमचे, असं ती म्हणाली आणि हसली. मग एकाएकी हसणं थांबवून म्हणाली, की ती मशीनवाली आणि मी रोज मधल्या सुट्टीत एका पुड्यातला पाव वाटून खायचो. दोघींचं आयुष्य मिळून वाढलं असतं तर बरं झालं असतं.

शिवणाच्या दुकानातल्या बाईच्या नवऱ्याने दार उघडलं, पण पुरतं नाही. राग नाही तुमच्यावर, टाकी काही तुम्ही पाडली नाहीत, असं तो म्हणाला. मेव्हणीचा पत्ता मागितला तर म्हणाला, ती कोणाशी बोलत नाही. ताईंनी कात्रींमार्फत पत्ता मिळवून तिला निरोप पाठवला. उत्तर आलं नाही. ते यावं अशी अपेक्षा करायचा आपल्याला हक्क नाही, असं त्या म्हणत, तरी रोज एकदा यजमानांना विचारत, काही आलं का? नाही, असं यजमान सांगत. दिवसातून दोनदा विचारलं तर दोनदा सांगत, पण आता सोबत हेही सांगत, की हे तू सकाळीही विचारलंस. तसा त्यांच्यात करारच झाला होता. खोटं पांघरूण घालायचं नाही.

कचेरीने यंत्र परत मागितलं नाही. महिनाभर ते टॉवेलात तसंच पडून होतं. ताईंची बोटं मात्र स्वस्थ बसेनात, जेवताना ताटाच्या कडेवर, बोलताना गुडघ्यावर टकटक चालायची. एक दिवस यजमानांनीच यंत्र काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि कधी नव्हे ते बोलायला लागले. वादळात एकदा नदीपलीकडचे सगळे खांब आडवे झाले होते, तेव्हाची हकीकत. ताई लिहू लागल्या. मध्येच थांबून विचारायच्या, खांब लाकडाचे की लोखंडी? दोर कोणी धरला होता? बातमीदाराची नजर अजून शाबूत होती. परिच्छेद झाला की यजमान तो मोठ्याने वाचून दाखवत, मगच पुढे जात. तीच गोष्ट पुन्हा लिहिली गेली तर तसं सांगत. कधी ताई पुसायच्या, कधी म्हणायच्या, हा दुसरा बरा झालाय, पहिला काढा.

आता दोघं सकाळी घराजवळच्या बागेत बाकावर बसून हे करतात. कात्री एकदा तिथे येऊन गेले. थोडं वाचलं, ओशाळत म्हणाले, रविवारच्या पुरवणीत छापू या का? ताईंनी साफ नकार दिला. माझ्या हातचं आता कोणी खरं मानून वाचायचं नाही, एवढंच म्हणाल्या. निघताना कात्रींचे डोळे भरले होते. ताईंनी त्यांना अर्धं सफरचंद दिलं.

चांगले दिवस असतात, वाईटही असतात. वाईट दिवशी ताई कळा दाबतात आणि शब्दच जुळत नाहीत. मग त्या यंत्रावर चिडतात. आपण कशावर चिडलोय हेही थोड्या वेळाने विसरतात. मागच्या आठवड्यात डोकं लख्ख असताना त्यांनी यजमानांकडून एक वचन घेतलं. अक्षरं म्हणजे काय हेच कळेनासं झालं, तर यंत्र निमूट उचलून न्यायचं. माझ्याशी वाद घालायचा नाही आणि बिघडलंय असं खोटंही सांगायचं नाही.

“मग काय सांगू?” यजमानांनी विचारलं.

ताईंनी थोडा विचार केला. “सांगा, तुझं लिहून झालं,” त्या म्हणाल्या आणि नदीपलीकडच्या खांबांचं पुढे काय झालं ते विचारू लागल्या.